अंगणातला ससा : त्याने खाणे सोडले तर काय करावे?



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट आणि खताचा हप्ता हे विषय ठरलेले. या खेपेस विषय निराळा आहे. गटाची बैठक आटोपून एखाद्या सभासदाकडे चहाला बसावे, तर ओसरीत जाळी लावलेले एक खोके आणि आत पांढऱ्या सशांची जोडी, हे आपल्या कार्यक्षेत्रात आता वरचेवर दिसते. आठवडी बाजारातून किंवा जत्रेतून लेकरांच्या हट्टापायी ती घरी येते. दोन-चार महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जावे, तर खोके रिकामे. विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "काही समजलंच नाही साहेब. काल दुपारपर्यंत चांगला होता. रात्री खाल्लं नाही. सकाळी पाहतो तर गेला."

ससा असा एकाएकी जातो तेव्हा बहुतेक वेळा बिघाड पोटाचा असतो, आणि तो आधी कळण्यासारखा असतो. मी पशुवैद्य नाही, शेतकी पदविकेचा माणूस आहे. पण जनावरांच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि घरोघर जे पाहिले, ते सभासदांच्या कामी यावे म्हणून येथे मांडतो. सशाची किंमत फार नसते हे खरे. पण ज्या पोराने रोज शाळेतून आल्यावर त्याला गवत घातले, त्याच्या लेखी तो गोठ्यातल्या बैलाइतकाच मोलाचा असतो.

बैलाचा हिशेब सशाला लागत नाही

आपण पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळणारी माणसे. बैलाने चारा सोडला तर काय करायचे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. साधे अपचन असेल तर एखादी वेळ चारा तोडायचा, पोट हलके होऊ द्यायचे, रवंथ सुरू झाला की जनावर सुधारले असे समजायचे. गुरांच्या बाबतीत हा अनुभव बराचसा खरा आहे. तोच हिशेब सशाला लावला की ससा हातचा जातो.

पैनगंगेच्या काठच्या एका गावात असेच घडले. घरी गूळ आला होता. लेकरांनी हौसेने सशाला गुळाचे खडे आणि उसाच्या सोललेल्या गंडेऱ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ससा कोपऱ्यात अंग चोरून बसला. पोरगी रडायला लागली, तेव्हा आजोबा म्हणाले, "काई नाई होत त्याले. आजचा दिस उपाशी राहू दे, पोट आपसूक मोकयं होते." आजोबांच्या सांगण्यात माया होती आणि गुरांचा पन्नास वर्षांचा अनुभवही होता. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ससा मेलेला आढळला. बैलाला जे औषध तेच सशाला विष, असा हा प्रकार. त्याचे कारण दोघांच्या पोटाच्या रचनेत आहे.

बैलाच्या पोटाला चार कप्पे. चारा आंबवण्याचे काम पुढच्या मोठ्या कप्प्यात होते आणि तेथून तो रवंथासाठी तोंडात परत येतो. सशाचे पोट एकाच कप्प्याचे. तो रवंथ करत नाही. त्याला ओकारीही करता येत नाही, म्हणजे एकदा गिळलेले मागे फिरत नाही, पुढेच गेले पाहिजे. चारा आंबवण्याची त्याची जागा अगदी मागच्या बाजूला असते. लहान आणि मोठे आतडे जेथे जुळते तेथे एक मोठी पिशवी आहे, तिला आंधळे आतडे म्हणतात. सशाच्या साऱ्या पचनसंस्थेत जेवढे मावते, त्यातले सुमारे ४० टक्के या एका पिशवीत मावते. तिच्यात कोट्यवधी उपयोगी जंतू राहतात आणि ते चाऱ्यापासून सशाचे पोषण तयार करतात.

येथे आणखी एक गोष्ट कळली पाहिजे, कारण ती पाहून घरची माणसे घाबरतात. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. दिवसभर पडणाऱ्या लेंड्या गोल, कोरड्या आणि गवताच्या चोथ्याच्या. दुसऱ्या मऊ, चकाकत्या, द्राक्षाच्या लहान घोसासारख्या. त्या आंधळ्या आतड्यातून येतात आणि ससा त्या बहुधा रात्री किंवा पहाटे बुडाशी तोंड नेऊन थेट खाऊन टाकतो. हा आजार नव्हे आणि घाणेरडी सवयही नव्हे. त्यांत प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे असतात. १८८२ साली मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्यांनी ही गोष्ट प्रथम नीट मांडली. गाय चारा दोनदा चावते, ससा तो दोनदा खातो, एवढाच फरक.

चरक थांबला की रस आंबतो

आपल्या सभासदांना हे कारखान्याच्या भाषेत लवकर समजेल. गव्हाणीत ऊस पडत राहिला, चरक फिरत राहिला, रस पुढे जात राहिला, की सारे सुरळीत. मध्येच मोडतोड होऊन काम थांबले, तर रस जागच्या जागी आंबू लागतो. तोडून पडलेल्या शिळ्या उसातही ल्युकोनोस्टॉक जातीचे जंतू वाढतात, चिकटा धरतो आणि उतारा घसरतो. नुकसान थांबण्यामुळे होते.

सशाच्या आतड्याचेही तसेच आहे. त्याला चालते ठेवणारी शक्ती म्हणजे गवतातील लांब, चिवट धागा. तो धागा स्वतः फारसा पचत नाही, पण आतड्याला ढकलत ठेवतो. चाऱ्यात धागा कमी पडला, पाणी कमी पडले, ससा घाबरला किंवा त्याला कोठे दुखू लागले, की आतडे मंदावते. मंदावले की आतील चोथा कोरडा आणि घट्ट होतो, वायू धरतो, पोट दुखू लागते. दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. हे चक्र एकदा फिरू लागले की आपसूक क्वचितच सुटते. त्यातच उपाशीपणामुळे सशाच्या यकृतावर ताण येतो आणि तो झपाट्याने खंगतो.

म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही : सशाने १० ते १२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी डॉक्टरांना गाठावे.

गोड खाऊ घातक का?

पक्व उसाच्या रसाचे ब्रिक्स १८ ते २० भरले की आपल्याला आनंद होतो. सशाच्या आतड्यातील वाईट जंतूंनाही होतो. साखर आणि पिठूळ पदार्थ जास्त झाले की ते आंधळ्या आतड्यापर्यंत पोचतात. तेथे उपयोगी जंतूंचा समतोल बिघडतो आणि क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजून विष तयार करतात. लहान पिल्लात तर एका दिवसात पातळ हगवण लागून खेळ आटोपतो.

आपल्या घरी सशाला हौसेने काय काय मिळते ते पाहा. उसाच्या गंडेऱ्या, गूळ, केळ, पोळी, बिस्किट, भिजवलेला हरभरा, मक्याचे दाणे, गुरांच्या घमेल्यातली ढेप. यातले काहीही सशाचे अन्न नव्हे. चित्रातल्या सशाच्या हातात गाजर असते म्हणून आपण गाजर देतो. पण गाजराचा कंदही गोडच. आठवड्यातून एक-दोन वेळा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. गाजराचा पाला त्यापेक्षा बरा.

उसाची वाढे चालतील का, असे काही जण विचारतात. वाढ्यांत ऑक्झलेट असते, म्हणून गुरांनाही नुसती वाढे घालू नयेत असे आपण सांगतोच. सशासाठी गवत असताना वाढ्यांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

कसे ओळखावे?

ससा रानात सगळ्यांचे भक्ष्य असतो. त्यामुळे आजार लपवणे हा त्याचा स्वभाव आहे. तो ओरडत नाही, हंबरत नाही. आपणच पाहावे लागते. पुढील चार प्रकार वेगळे ओळखावेत.

१) आतडे मंदावणे. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. आधी दाणा किंवा गवत सुटते, आवडता पाला समोर धरला तरी ससा तोंड फिरवतो. लेंड्या लहान, वेड्यावाकड्या, कमी होतात आणि मग बंद होतात. कधी त्या केसांनी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या दिसतात. ससा पाठ कुबडी करून बसतो, पोट जमिनीला दाबतो, करकर दात खातो. हलक्या हाताने चाचपले तर पोट मळलेल्या कणकेसारखे लागते. पोटात केसाचा गोळा झाला म्हणून ससा आजारी पडला, असे पुष्कळ जण समजतात. बहुधा उलटे असते. आतडे मंदावले म्हणून केस आत अडकतात.

२) एकाएकी पोट फुगणे. काही तासांत पोट नगाऱ्यासारखे ताठ होते, कान गार पडतात, ससा निपचित होतो. आत अडथळा असण्याचा संभव असतो. यात तासातासाला धोका वाढतो. अशा सशाला तोंडाने काहीही भरवू नये. लगेच दवाखाना.

३) पातळ हगवण. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांत जास्त. आईपासून लवकर तोडून बाजारात आणलेली पिल्ले, ओले खोके, कोंदट जागा ही कारणे. कॉक्सिडियाचा रोगही याच वयात आढळतो. पाण्यासारखी हगवण म्हणजे ताबडतोब डॉक्टर. पिल्लू घेताना ते पुरते दोन महिन्यांचे आहे ना, हे पाहून घ्यावे.

४) मऊ लेंड्या बुडाला चिकटणे. ससा उड्या मारतो, खातो, पण मऊ घोस तसेच पडून राहतात किंवा बुडाला माखतात. ही हगवण नव्हे. खुराक फार झाला, गवत कमी पडले, किंवा ससा इतका लठ्ठ झाला की त्याचे तोंड तेथे पोचत नाही, असा त्याचा अर्थ. दाणा व गोड बंद करून गवत वाढवावे, बूड कोमट पाण्याने स्वच्छ करून कोरडे करावे. उन्हाळ्यात व पावसाळ्यात त्यावर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून दुर्लक्ष करू नये.

आणखी एक खूण. ससा गवताकडे येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो, हनुवटी लाळेने ओली असते, तर दाढा तपासून घ्याव्यात. सशाचे सर्व दात जन्मभर वाढत असतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत, तर दाढांना टोके येतात, ती जिभेला टोचतात आणि पोट बंद पडण्याची सुरुवात तेथून होते.

घरी काय करावे, काय करू नये

प्रथम वेळ लिहून ठेवावी. शेवटचे केव्हा खाल्ले, शेवटची लेंडी केव्हा पडली, काल वेगळे काय दिले. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

ताजे गवत, कोथिंबीर, पाण्याने ओला केलेला पाला समोर ठेवावा. पाणी वाटीत ठेवावे, कारण वाटीतून ससा जास्त पाणी पितो. सशाचे अंग गरम असते, साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस. कान व पाय गार लागले तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, सशाला हवे तर बाजूला सरकता आले पाहिजे. पोट ताठ नसेल आणि ससा हिंडत असेल, तर त्याला मोकळे फिरू द्यावे. जबरीने धावडवू नये.

न करण्याच्या गोष्टी अशा. उपाशी ठेवू नये. गुरांप्रमाणे गोडेतेल, एरंडेल, सोडा, हिंगाचे पाणी पाजू नये. सशाचे तोंड लहान, धरून ओतले की औषध फुप्फुसात जाते. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, उरलेले अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने तोंडातून देऊ नये. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी औषधे तोंडाने दिली तर आंधळ्या आतड्यातील उपयोगी जंतू मरतात आणि ससा औषधानेच जातो. औषधाच्या दुकानात "सशाला हगवण लागली, काही द्या" असे म्हणून गोळी आणू नये.

पिचकारीने पातळ खाद्य भरवण्याचा उपाय चांगला आहे, पण आत अडथळा नाही हे डॉक्टरांनी पाहिल्यावरच. डॉक्टर वेदना कमी करणारे औषध, कातडीखाली सलाईन आणि आतडे चालते करणारे औषध देतात. दुखणे थांबले की पुष्कळ ससे आपण होऊन खाऊ लागतात.

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरे-शेळ्यांचे काम जास्त, ससा क्वचित येतो. म्हणून जाताना वजन करून न्यावे, ताज्या लेंड्या कागदात बांधून न्याव्यात आणि वर सांगितलेली वेळ सांगावी. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. अवघड प्रकरण असेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था आपल्याला फार दूर नाही. नेताना सशाला झाकलेल्या टोपलीत, गवतावर बसवून न्यावे. मोटरसायकलवर उघड्या पिशवीतून नेले तर भीतीनेच त्याचे आतडे आणखी आवळते.

रोजचा चारा

औषधापेक्षा चारा स्वस्त. मोठ्या सशाच्या आहारात पाचांतील चार वाटे गवत असावे. आपल्याकडे धुऱ्यावर, पडीत मारवेल, पवना, हरळी भरपूर असते. फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास कापून सावलीत वाळवून ठेवले तर वर्षभराची सोय होते. कुसळी गवत कुसळे धरल्यावर देऊ नये, ती तोंडात टोचतात. बुरशी लागलेले गवत व ओले कुटार फेकून द्यावे.

हिरवा पाला किलोभर वजनाला मूठभर : कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, थोडी मेथी. नवा पाला एकदम घालू नये, चार-सहा दिवसांत वाढवत न्यावा. लसूणघास वाढत्या पिल्लांना व व्यालेल्या मादीला चालतो, मोठ्या सशाला तो रोजचा नको, त्यात प्रथिने व चुना फार. सशाचा तयार खुराक मिळत असेल तर किलो वजनामागे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम पुरे. पाणी किलोमागे ५० ते १५० मिलिलिटर लागते, उन्हाळ्यात अधिक. रुई, घाणेरी, बेशरम, धोतरा, कांदा, बटाट्याचा पाला जवळही आणू नये.

ऊस विकास विभागाचा माणूस म्हणून एक सूचना खास करतो. उसात ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, २,४-डी ही तणनाशके आपण वापरतो. कापूस-सोयाबीनवर कीडनाशकांच्या फवारण्या असतात. अशा वावराच्या धुऱ्यावरचे गवत सशासाठी कापू नये. लेकरे विळा घेऊन जातात, त्यांना कोणत्या बाजूला फवारणी झाली ते माहीत नसते. घरच्या मोठ्या माणसाने जागा दाखवून द्यावी.

उन्हाळा

आपण पाळतो तो पांढरा ससा मूळचा युरोपातल्या जातीचा. त्याला ३० अंशांच्या वर त्रास सुरू होतो, आणि आपल्या वाशिम, रिसोड, कारंजा भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उकाड्याने तो खाणे सोडतो, पाणी कमी पडते, आणि आतडे मंदावते. टिनाच्या छपराखाली खोके ठेवू नये. कौलारू ओसरीत किंवा निंबाच्या सावलीत ठेवून भोवती ओले गोणपाट टांगावे. पाण्याने भरलेला माठ किंवा ओली फरशी आत ठेवली तर ससा तिला टेकून बसतो. चारा पहाटे व सांजवेळी घालावा.

फडातली पिल्ले उचलू नयेत

तोडणीच्या दिवसांत फडात रानसशाची पिल्ले सापडतात. तोडणीवाल्यांची किंवा आपली लेकरे ती कुतूहलाने घरी आणतात आणि गाईचे दूध पाजतात. दोन-तीन दिवसांत पिल्लाला हगवण लागून ते मरते. रानससा हा पाळीव सशाचा भाऊबंद असला तरी निराळा प्राणी आहे. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई दिवसभर त्यांच्याजवळ बसत नाही, ठराविक वेळी येऊन पाजून जाते. म्हणून एकटे दिसलेले पिल्लू पोरके नसते. कोयत्याच्या वाटेतून अलगद उचलून जवळच्याच धुऱ्यावर गवतात ठेवावे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पकडणे व पाळणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

सारांश असा. सकाळी गोठ्याकडे जाताना सशाच्या खोक्यातही डोकवावे. रात्रीचे गवत संपले का, लेंड्या नेहमीइतक्या व नेहमीएवढ्या मोठ्या आहेत का, या दोन गोष्टी पाहायला अर्धे मिनिट लागते. निरोगी ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो, तेव्हा त्या कमी झाल्या की शाळकरी पोरालाही कळते. हे काम त्या पोरालाच नेमून द्यावे आणि ते "आज लेंड्या नाहीत" म्हणून सांगत आले, तर हातातले काम बाजूला ठेवून त्याचे ऐकावे. लेंड्या आणि गवताचा चोथा उकिरड्यावर न टाकता कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा, परसातल्या भाजीला तो चांगला मानवतो.